बांधावरून : झोपडी त्यांची, पण जागा कोणाची?



या सदरात आपण बहुधा बियाणे, खते आणि रोग-किडी यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो शेतीच्या बाहेरचा मात्र नाही. नाणे मावळातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

"आमच्या वरकस रानात कातकऱ्यांची चार घरे आहेत. आजेसासऱ्यांनी त्यांच्या आज्याला राखणीसाठी आणून बसवले, असे घरात सांगतात. आता ते रान विकायचे चालले आहे. गिऱ्हाईक म्हणते, रान मोकळे करून द्या, मग इसार देतो. धाकटे दीर म्हणतात, त्यांचे काय, चार मेढी उपटायच्या आणि दुसरीकडे रोवायच्या. सासूबाई म्हणतात, माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्या घरातल्या बाईनेच शेकशेगडी केली, तिला कुठल्या तोंडाने ऊठ म्हणू? घरात रोज याच्यावरून वाद होतो. यात कायदा काय आणि रीत काय, ते लिहावे."

ताईंनी हे मोकळेपणाने विचारले याचे मला बरे वाटले. कारण हा प्रश्न त्यांच्या एकटीच्या घरचा नाही. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या तिन्ही खोऱ्यांत आणि लोणावळ्याच्या आसपास शेताच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याला किंवा ओढ्याच्या काठाला अशी दहा-पाच घरांची वस्ती दिसते. आपण तिला सहज 'कातकरवाडी' किंवा 'ठाकरवाडी' म्हणतो. वाडीला नाव असते, पण सातबारावर तिचे नाव नसते. दुखणे तिथेच आहे.

ही माणसे कुठून आली?

खैराच्या झाडाच्या गाभ्याचे तुकडे उकळून त्याचा कात करणारे ते कातकरी. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या रानांत हा समाज पिढ्यान् पिढ्या फिरत आला. ब्रिटिश सरकारने राखीव जंगले केली, खैर तोडायला बंदी आली आणि त्यांचा मूळ धंदा बसला. त्यातच त्या अमलात त्यांच्या कपाळी गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. मग कोळसा पाडणे, लाकूडतोड, शेतावरची मजुरी आणि पुढे वीटभट्टी, असे एकेक काम त्यांनी धरले. जिथे काम तिथे घर. आपल्या वाडवडिलांना राखणीला, लावणीला आणि कापणीला हक्काची माणसे हवी होती, म्हणून त्यांनी पड जमिनीचा एखादा तुकडा दाखवून 'इथे राहा' म्हटले. त्या वेळी ना कागद झाला, ना कोणी तो मागितला. रानाला तेव्हा किंमत नव्हती आणि शब्दाला होती.

आज रानाची किंमत फिरली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, लोणावळ्याची हवा खायला येणाऱ्यांची रीघ वाढली आणि जिथे वरई-नाचणीसुद्धा धड येत नव्हती त्या माळाला गुंठ्यावर भाव आला. बंगले झाले, त्यांना कुंपणे आली. त्यातले कितीतरी बंगले सोमवार ते शुक्रवार कुलपात असतात, आणि त्यांच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या खोलीत राखणदाराचा संसार असतो. तो राखणदार पुष्कळदा याच मातीतला कातकरी किंवा ठाकर असतो. नोकरी सुटली की खोलीही सुटते.

केंद्र सरकारने देशातील ७५ आदिवासी जमातींना 'विशेष दुर्बल' गटात घातले आहे. महाराष्ट्रात अशा तीन जमाती आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यांतली कातकरी जमात आपल्या दाराशी आहे.

बेघर कोणाला म्हणायचे?

बेघर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर रेल्वे स्टेशनच्या फलाटावर नाही तर पुलाखाली झोपलेला माणूस येतो. जनगणनेतही बेघर कुटुंबाची व्याख्या जवळपास अशीच आहे. जे घरात राहत नाहीत, रस्त्याच्या कडेला, पाइपात, पुलाखाली किंवा उघड्यावर राहतात ते बेघर. २०११ च्या जनगणनेत देशात अशी सुमारे १७ लाख ७० हजार माणसे मोजली गेली.

आता या व्याख्येत ताईंच्या रानातली चार घरे बसतात का? नाही बसत. त्यांना कारवीचा कूड आहे, वर कौल किंवा पेंढा आहे, आत चूल आहे. कागदोपत्री ते घरवाले आहेत. पण उद्या मालकाने 'उठा' म्हटले तर संध्याकाळपर्यंत ते उघड्यावर येतील. शिवाय दिवाळीनंतर हीच कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. तोवर वाडीतल्या दारांना काट्या लावलेल्या असतात. त्या दिवसांत कोणी घरे मोजायला आले तर त्याला रिकामी वाडी दिसते. भट्टीवर मोजायला गेले तर ती माणसे तिथली नसतात. म्हणजे ना या यादीत, ना त्या यादीत.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. कॅनडा देशातही तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये बेघरांचे प्रमाण फार मोठे आहे. तिथे जेसी थिसल या मेटी समाजातील अभ्यासकाने मूळ समाजांतील जाणत्या माणसांशी बोलून २०१७ मध्ये बेघरपणाची नवी व्याख्या मांडली. नुसते छप्पर नसणे म्हणजे बेघर नव्हे. आपली जमीन, पाणी, गणगोत, भाषा, देवधर्म यांच्यापासून माणूस तुटला, म्हणजे तो बेघर झाला, असे ती व्याख्या सांगते, आणि अशा तुटण्याचे बारा प्रकार तिने नोंदले आहेत.

मावळच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह झाला, तो नुसत्या मोबदल्याच्या रकमेसाठी नव्हता. पवना धरणात ज्यांची घरे-शेते गेली त्यांना विचारा. पैसा मिळाला तरी गावदेवी पाण्याखाली गेली, भावकी चार दिशांना पांगली, हे दुःख त्या घरांतली म्हातारी माणसे आजही बोलून दाखवतात. जे आपल्याला सोसावे लागले तेच आपल्या हातून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये, एवढे तरी आपण पाहायला हवे.

घाटाखाली झालेला अभ्यास

घाट उतरला की रायगड जिल्हा. तिथल्या कातकरी वाड्यांवर हेच संकट आपल्याआधी आले, कारण मुंबई त्यांना जवळ. जमिनी विकल्या गेल्या, नव्या मालकांनी तारेची कुंपणे घातली, आणि काही वाड्यांची पाण्याची व येण्याजाण्याची वाट त्या कुंपणात अडकली. कर्जत तालुक्यातील कशेळे येथे 'अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' ही संस्था बरीच वर्षे आदिवासींमध्ये काम करते. तिचे राजीव खेडकर, कॅनडातील अभ्यासक डॅनियल बकल्स आणि त्यांचे सहकारी यांनी या वाड्यांबरोबर जागेच्या प्रश्नाचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये 'फायटिंग इव्हिक्शन' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. 'घालवून देण्याविरुद्ध झुंज' असा त्या नावाचा अर्थ.

या अभ्यासातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याची रीत. बाहेरच्या माणसाने यायचे, छापील तक्ता भरून न्यायचा आणि वर्षाने शहरात अहवाल काढायचा, असे तिथे झाले नाही. वाडीतली माणसे एकत्र बसली. आपली वस्ती कोणाच्या जमिनीवर आहे, तो मालक आपल्याला कामही देतो का, उसनवारीही त्याच्याकडूनच आहे का, त्याच्यापुढे बोलायची भीती कशाची वाटते, हे त्यांनी आपसांत मांडले. जागेची मागणी करायची की नाही, केली तर आत्ता की सुगीनंतर, हे त्यांनीच ठरवले. अभ्यास करणाऱ्यांनी त्यांना साथ दिली.

यात भीतीची गोष्ट फार महत्त्वाची आहे. आपण शेतकरी म्हणतो, 'त्यांनी कधी मागितलेच नाही.' अहो, ज्याच्या शेतावर उद्या मजुरीला जायचे आणि पावसाळ्यात ज्याच्याकडून पायलीभर भात उसने आणायचे, त्याच्याकडे घराखालची जागा मागायला तोंड कसे उघडेल? न मागण्याचा अर्थ 'गरज नाही' असा काढू नये.

वाडीचा अभ्यास वाडीनेच करावा

२०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आली. पूर्वी पीक तलाठी लिहायचा, आता तुम्ही स्वतः बांधावर उभे राहून मोबाइलवर नोंदवता. आपले पीक आपण नोंदवावे हे जसे रास्त, तसेच आपले घर आपण नोंदवावे हेही रास्त. गावातली तरुण मंडळे, बचत गट, शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई यांना मनावर घेतले तर हे काम चार संध्याकाळींत होते. कसे करावे ते सांगतो.

१. वेळ. भाताची लावणी संपल्यापासून कापणी सुरू होईपर्यंतचा काळ उत्तम. त्या दिवसांत सारी वाडी घरी असते. दिवाळीनंतर गेलात तर काट्या लावलेली दारे भेटतील. दिवस मजुरीचा असतो, म्हणून बैठक संध्याकाळी ठेवावी.

२. जागा. बैठक वाडीतच, त्यांच्या अंगणात घ्यावी. जमीनमालकाच्या पडवीत किंवा चावडीवर बोलावू नये. पहिल्या बैठकीला जमीनमालकाने, मग तो कितीही भला असो, जाऊ नये. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीला वाडीने बोलावले तर जरूर जावे आणि आधी ऐकून घ्यावे.

३. नकाशा. सारवलेल्या अंगणात राख, भाताचे तूस आणि खडे घेऊन वाडीचा नकाशा काढावा. हे काम बायांच्या हाती द्यावे. पाण्याची वाट, सरपणाचे रान, रात्री-अपरात्री दवाखान्याला जायचा रस्ता त्यांना अधिक नेमका माहीत असतो. घरे, पाणवठा, वाट, देवाची जागा, स्मशानाची जागा, आज्याने लावलेला आंबा किंवा फणस हे सारे त्यात यावे. मग तोच नकाशा कागदावर उतरवावा.

४. यादी. प्रत्येक घरासाठी कोण राहतो, किती पिढ्यांपासून, कोणी बसवले, घर कोणाच्या खर्चाने बांधले आणि जागेचा गट क्रमांक कोणता, हे लिहावे. भट्टीवर किंवा बंगल्यावर कामाला गेलेल्यांचीही नावे घ्यावीत. लग्न होऊन एकाच घरात दाटीने राहणारी जोडपी वेगळी लिहावीत. एका झोपडीत तीन चुली असतील तर ती तीन घरे आहेत.

५. पुरावे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, जे असेल ते एका पिशवीत जमा करावे. काहीच नसेल तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यावेत. इथे शेतकरी घरातल्या आजी-आजोबांची साक्ष फार मोलाची ठरते.

६. कागद कोणाचे? कॅनडातील मूळ समाजांनी १९९८ मध्ये एक नियम घालून घेतला. आपल्याविषयीच्या माहितीची मालकी, तिच्यावरचा ताबा, ती पाहण्याचा हक्क आणि ती जवळ ठेवणे, हे चारही आपल्याकडेच असावे. तोच नियम इथे पाळावा. यादीची मूळ प्रत वाडीत राहावी. दुसरी प्रत कोणाला द्यायची ते वाडीने ठरवावे. कोणते घर कच्च्या हक्कावर आहे याची यादी दलालाच्या हाती पडली तर उपकाराऐवजी अपकार होईल.

कायदा काय म्हणतो?

आता ताईंच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. शेतकरी मंडळींत एक समजूत पक्की आहे की सातबारा माझा, तर त्यावरची झोपडी हलवण्याचा हक्कही माझाच. ही समजूत बरोबर नाही.

आपल्या १९४८ च्या कुळकायद्यात कलम १६ आणि १७ आहेत. कुळाने स्वतःच्या खर्चाने मालकाच्या जागेवर राहते घर बांधले असेल तर त्याला त्या घरातून सहजासहजी काढता येत नाही, आणि ती जागा विकायची झाली तर विकत घेण्याची पहिली संधी त्याला द्यावी लागते. कलम १८ ने हेच संरक्षण गावातील शेतमजुरांच्या व कारागिरांच्या घरांनाही दिले आहे. कुळकायद्याने कसणाऱ्याला जमीन मिळाली हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते, पण त्याच कायद्यात मजुराच्या झोपडीचीही कलमे आहेत, हे फार थोड्यांना माहीत आहे.

दुसरे असे की अनुसूचित जमातीच्या माणसाला बेकायदा जागेवरून हुसकावणे, घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे, हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. 'रात्रीतून मेढी उपटू' असे बोलणाऱ्या दिरांना हे शांतपणे सांगावे. गिऱ्हाईक इसार देऊन मोकळे होईल, पोलीस ठाण्याच्या फेऱ्या मात्र जमीनमालकाच्या नशिबी येतील.

वस्ती वनखात्याच्या जमिनीवर असेल तर वाट वेगळी. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून राहण्यासाठी किंवा कसण्यासाठी ताब्यात असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला दावा करता येतो. दावा ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे करायचा, तिथून तो उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. जुनी घरे, विहिरी, स्मशानाच्या जागा आणि वडीलधाऱ्यांचे जबाब हे या कायद्याच्या नियमांत पुरावे म्हणून मान्य आहेत. पुणे जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रातील गावे आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत आहेत. मावळ त्यात येत नाही, म्हणून कित्येकांना वाटते की आपल्याकडे आदिवासींचे काही कायदे लागूच नाहीत. पेसा लागू नाही हे खरे, पण वनहक्क कायद्याला ती अट नाही.

वस्ती मोठी असेल तर ती जागा गावठाणात घेण्याची मागणी करता येते. गावठाणाच्या हद्दी ठरवण्याचा अधिकार जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना आहे. ग्रामसभेचा ठराव, वाडीची यादी आणि नकाशा जोडून अर्ज तहसीलदारांमार्फत करावा.

आणि वकिलाच्या खर्चाला घाबरू नये. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. वडगाव मावळच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे चौकशी करावी. प्रत्येक घराची हकिकत निराळी असते. माझे लिहिणे वाचून कोणी एकदम कोर्टाची पायरी चढू नये आणि कोणी झोपडीही हलवू नये. आधी जाणकाराला कागद दाखवावेत.

ताईंच्या चार घरांचा हिशेब

आता व्यवहाराचे बोलू. 'जागा दिली तर आमचे रान जाते' असे वाटते, म्हणून आकडे मांडू.

तुकडेबंदी कायद्यामुळे लहान तुकडा विकता येत नाही, ही अडचण खरी होती. २०२४ मध्ये त्या नियमांत दुरुस्ती झाली. ग्रामीण घरकुल योजनेच्या लाभार्थ्यासाठी एका घराला १००० चौरस फुटांपर्यंत जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने हस्तांतरित करता येते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे एका घराला गुंठ्याहून थोडे कमीच. चार घरांना ४००० चौरस फूट, म्हणजे पावणेचार गुंठ्यांच्या आत. वाट आणि पाणवठा धरून पाच-सहा गुंठे धरा. एकर ४० गुंठ्यांचा. समजा ताईंचे रान दोन एकर असेल, तर ८० गुंठ्यांतले पाच-सहा गुंठे बाजूला निघाले. उरलेल्या रानाचा कागद स्वच्छ झाला आणि पुढची भांडणे मिटली. ज्या गिऱ्हाइकाला हे चालत नाही त्याच्याशी व्यवहार करताना दहा वेळा विचार करावा.

जागा फुकटच द्यावी लागेल असेही नाही. जागा नसलेल्या घरकुल लाभार्थ्याला ती विकत घेण्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून अर्थसाहाय्य मिळते. किती मिळते आणि अर्ज कसा करायचा ते पंचायत समितीत विचारून घ्यावे. घर बांधायला कातकऱ्यांसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जनमन महाअभियानात एका घराला २ लाख रुपये ठेवले गेले. आदिवासींसाठी राज्याची शबरी घरकुल योजनाही आहे. आपल्या जिल्ह्याचे आदिवासी प्रकल्प कार्यालय घोडेगावला आहे, तिथे माहिती मिळते. पैसा आहे, योजना आहेत, पण त्यांचा अर्ज 'जागेचा उतारा जोडा' या ओळीपाशी अडतो. तो उतारा ज्यांच्या हाती आहे ते तुम्ही-आम्हीच आहोत.

वाडी दुसरीकडे हलवणेच भाग असेल तर जागा निवडताना त्यांना बरोबर घेऊन जावे. 'टेकडीवरचा तुकडा रिकामाच आहे' म्हणून तिथे बसवू नये. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गेले, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री घाटाखाली खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखाली सापडली. आपला मावळ त्याच पावसाचा आणि त्याच उताराचा आहे. पाणी कुठून फुटते, माती कुठे सरकते हे जुन्या माणसांना माहीत असते. उतार, पाणी, वाट आणि मुलांची शाळा या चार गोष्टी पाहिल्याशिवाय जागा ठरवू नये.

जागा दिली तर ती शब्दावर देऊ नये. आपल्या वाडवडिलांनी शब्दावर दिली आणि नातवांना तो शब्द जड झाला. नोंदणीकृत दस्त करावा, शक्य तिथे नवरा-बायको दोघांची नावे घालावीत. दस्त झाला की फेरफार करून घ्यावा आणि सातबारा बदलल्याची खात्री करावी. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण फेरफाराची वही त्यांच्याकडेच आहे. ग्रामपंचायतीत नमुना ८ ला घराची नोंद करून घ्यावी.

यात शेतकऱ्याचे काय?

असा प्रश्न कोणी विचारला तर रागावू नये, तो रास्तच आहे. आपला इंद्रायणी तांदूळ १९८७ मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून बाहेर आला आणि मावळचे नाव घरोघर गेले. त्या भाताच्या लावणीला गुडघाभर चिखलात वाकणारे हात कोणाचे आहेत, ते प्रत्येकाने आपल्या खाचरात पाहावे. दरवर्षी आपण म्हणतो, 'मजूर मिळत नाही.' अहो, मजूर मिळायला तो गावात राहिला पाहिजे. ज्याच्या घराचा भरवसा नाही तो मुकादमाची उचल घेऊन जातो, आणि एकदा लांब गेला की लावणीला परत येईलच असे नाही. ज्याचे घर पक्के, त्याची मुले शाळेत टिकतात आणि त्याची बायको बचत गटात येते. पण मजुरीसाठी जागा दिली, म्हणून आता आमच्याच शेतावर आले पाहिजे, अशी अट मात्र घालू नये. तशी अट म्हणजे वेठबिगारी. १९७६ च्या कायद्याने ती बंद झाली आहे.

ताई, तुमच्या पत्राचे माझे उत्तर असे. इसार घेण्याची घाई करू नका. सासूबाईंना आणि दिरांना एकत्र बसवून हा अंक वाचून दाखवा. त्या चार घरांतल्या मोठ्या माणसांना 'तुम्हाला काय हवे?' असे विचारा आणि उत्तर द्यायला त्यांना आठ दिवस द्या, कारण हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नसेल. मग मोजणी करून त्यांच्या जागेच्या खुणा रोवा आणि तहसील कार्यालयात चौकशी करा. उरलेले रान विकायचे की ठेवायचे, ते त्यानंतर ठरवा. सासूबाई जे म्हणाल्या ती मावळची जुनी रीत आहे, आणि या वेळी कायदाही त्यांच्याच बाजूचा आहे.

बाकी वाचकांना एकच सुचवणे. येत्या ग्रामसभेला जाण्यापूर्वी आपल्या शिवारात अशा वाड्या किती आणि त्या कोणाच्या गटात आहेत, एवढे तरी पाहून ठेवा. त्या वाडीतल्या दोन माणसांना, त्यांत एक बाई असू द्या, बरोबर घेऊन ग्रामसभेला चला. त्यांना शेवटच्या रांगेत बसवू नका. आणि आपल्या गावात यातले काही घडले तर ते सविस्तर लिहून कळवा. इतर गावांना त्याचा उपयोग होईल.

पुढच्या अंकात भातावरील करपा आणि त्याची वेळीच ओळख.